युरोपचं काय म्हणणं आहे?

क्षितिजा वर्तकला एखादी गोष्ट कळली नाही, असं सहसा होत नसे. ती मूळची पुण्याची, कॉस्टिंगची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली. लग्नानंतर मोरेश्वरपाठोपाठ कुवेतला आली आणि आता मीना अब्दुल्ला या औद्योगिक भागातल्या एका पिशव्यांच्या कारखान्याचे हिशेब सांभाळत होती. पिशव्या म्हणजे भाजीच्या नव्हेत. एकेकीत टनभर खत मावेल अशा, क्रेनने उचलायच्या. त्यांतला मोठा हिस्सा नेदरलँड्समधल्या एका खतकंपनीला जायचा.

जानेवारीत त्या कंपनीकडून एक ईमेल आला आणि मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं. मालकांचं नाव वेगळंच होतं, पण थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्यांना अबू झैद म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"सिस्टर, वाचा. आणि मला एवढंच सांगा, हा युरोपचा कायदा आपल्याला लागू आहे की नाही? हो किंवा नाही."

क्षितिजाने वाचलं. इंग्रजी सोपं होतं, शब्द ओळखीचे होते, पण ते एकमेकांशेजारी येऊन काय सांगताहेत ते काही केल्या उमगेना. युरोपातल्या मोठ्या कंपन्यांना आता नफ्यातोट्यासारखाच सस्टेनेबिलिटीचाही अहवाल द्यावा लागणार होता. हवेत किती धूर सोडला, पाणी किती वापरलं, माणसांना कसं वागवलं. आणि तेही फक्त स्वतःचं नाही, तर ज्यांच्याकडून माल घेतात त्यांचंही. सोबत एक तक्ता होता. तो उघडला आणि खाली सरकवत गेलं तर सरकतच राहिला.

"बघते आणि सांगते," ती म्हणाली.

"म्हणजे हो?"

"बहुतेक हो."

अबू झैदनी मान डोलावली आणि काम तिच्या गळ्यात पडलं. त्याच आठवड्यात तिच्या ईमेलखाली हिशेबाच्या पदाशेजारी 'सस्टेनेबिलिटी ऑफिसर' असं आणखी एक पद आलं. ते कुणी लिहिलं, कुणाला विचारून लिहिलं, तेही तिला कळलं नाही.

घरी तिने मोरेश्वरला विचारलं. तो बँकेत होता, त्याला ठाऊक असायला हवं होतं.

"सोपं आहे गं," ताटावरून मान वर न करता तो म्हणाला. "कायदा त्यांना लागू. तुम्हांला नाही. पण त्यांना लागू म्हणून तुम्हांलाही लागू."

"म्हणजे लागू आहे की नाही?"

"लागू नाही. पण भरावं लागेल."

"नाही भरलं तर?"

"तर काही नाही. फक्त ते दुसऱ्याकडून पिशव्या घेतील." मोरेश्वरने भाजी वाढून घेतली. "हे मला वाटतं हं. आमच्याकडे याचा वेगळा विभाग आहे. त्यांनाही विचारलं की ते नुसतं हसतात."

त्यांची अकरावीतली लेक स्पृहा हे ऐकत होती. तिने फोनवर कुठल्याशा चॅटबॉटला विचारलं आणि थोड्या वेळाने मान वर केली. "आई, इट सेज इट डिपेंड्स."

"कशावर?"

"इट डझन्ट से."

पुढचे आठवडे क्षितिजाने त्या तक्त्याशी झटापट केली. एक ऑनलाइन कोर्स घेतला. त्यात एक हसतमुख बाई सांगत होती की या सगळ्याचा पाया म्हणजे डबल मटेरियॅलिटी. हिशेबातली मटेरियॅलिटी क्षितिजाला पाठ होती. ताळेबंदावर फरक पडेल एवढी मोठी गोष्ट म्हणजे मटेरियल, बाकीची सोडून द्यायची. पण इथे ती दोन बाजूंनी बघायची होती. कंपनीमुळे जगावर काय परिणाम होतो ही एक बाजू, आणि जगातल्या घडामोडींमुळे कंपनीच्या पैशांवर काय परिणाम होतो ही दुसरी. हे तिला कळलं. मग त्या बाईंनी आकृती दाखवली, आकृतीत चौकोन, चौकोनांत बाण, आणि कळलेलं पुन्हा निसटलं.

तक्त्यासाठी कारखान्यातूनही माहिती हवी होती, म्हणून तिने प्लांट सुपरवायझर इम्तियाजला ईमेल टाकला. डबल मटेरियॅलिटीसाठी तुमच्या विभागाची माहिती लवकर द्या. इम्तियाज रत्नागिरीकडचा, मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा, पण ईमेलशी त्याचं जरा वाकडंच. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या दाण्यांची दोन पोती येऊन पडली.

"हे काय, इम्तियाजभाई?"

"मटेरियल, ताई. तुम्ही डबल सांगितलंत. एक सौदीचं आहे, एक इथलंच."

क्षितिजाला हसू फुटलं, पण ते लगेच ओसरलं. तो सरळ तिच्याकडे बघत उभा होता. आता हिने समजावून सांगायचं होतं. ती म्हणाली, "तसं नाही हो. म्हणजे, आपल्यामुळे जगाला काय होतं, आणि जगामुळे आपल्याला..." आणि पुढचं वाक्य काही केल्या येईना. इम्तियाज समजूतदारपणे म्हणाला, "बरं, पोती राहू देत. लागली तर असू देत."

तिचे कान तापले. कधी नव्हे ते आपण समजल्याचं सोंग करतोय, हे तिला पहिल्यांदा जाणवलं. अबू झैदपुढे, मोरेश्वरपुढे, आता इम्तियाजपुढे. ज्या बाईला सगळे विचारतात तिने "मला कळत नाही" म्हणायचं कसं? म्हणून ती मान हलवत राहिली आणि रकाने भरत राहिली. विजेची बिलं, पाण्याच्या टँकरच्या पावत्या, डिझेल. आकडे होते तिथवर निभावलं. आकडे संपले आणि घोडं अडलं. पुढचा भाग होता कामगारांचा. त्यांच्याशी बोला, त्यांना कशाचा त्रास होतो ते विचारा, आणि तो त्रास सांगायला त्यांच्याकडे काही मार्ग आहे का ते लिहा.

"हो लिहा," अबू झैद म्हणाले. "माझं दार सगळ्यांना उघडं असतं."

दार खरोखर उघडं असायचं. पण कारखान्यातलं कुणी त्यातून आत आलेलं क्षितिजाने कधी पाहिलं नव्हतं. विचारा म्हटलंय तर विचारू या, म्हणून मार्चच्या सुरुवातीला ती कारखान्यात गेली. रमजान सुरू झाला होता, कँटीन दुपारी रिकामं असायचं. इम्तियाजने दहाबारा माणसं जमवली. बांगलादेशी, नेपाळी, आणि शिलाई विभागातला सखाराम, लांज्याकडचा, केस पिकलेला, बायकोमुलं गावी ठेवून इथे राहणारा.

क्षितिजाने हिंदीत सुरुवात केली. युरोपातली एक कंपनी आहे, तिला तुमच्याबद्दल जाणून घ्यायचंय. माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी सखारामने मराठीतच विचारलं, "युरोपला आमच्याशी काय करायचंय, मॅडम?"

"तुम्हांला कशाचा त्रास होतो, ते त्यांना हवंय."

"त्यांना सांगून काय होणार?"

"ते मला नीट माहीत नाही," क्षितिजाच्या तोंडून निघून गेलं.

हे ऐकून का कोण जाणे, सखाराम मोकळा झाला. "मग ऐका. बस. दुसरं काही नाही, ती बस."

कामगारांना कंपनीने सुलैबियात खोल्या दिल्या होत्या. तिथून मीना अब्दुल्ला म्हणजे कुवेतच्या एका टोकाहून जवळजवळ दुसऱ्या टोकाला. ने-आण करणारी बस ठेकेदाराची. तिचा एसी गेल्या उन्हाळ्यात बंद पडला तो पडलाच. खिडक्या पक्क्या बसवलेल्या, उघडत नाहीत. "आता काय, आता थंडी आहे," सखाराम म्हणाला. "जूनमध्ये बसून बघा. कामावर पोचेपर्यंत माणूस निम्मा संपतो. गेल्या साली आमचा एक पोरगा उतरल्या उतरल्या पडला."

"कुणाला सांगितलंत का?"

"ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणतो ठेकेदाराला सांगा. ठेकेदार म्हणतो, तुमच्या कंपनीशी बोला. कंपनीतले म्हणतात, बस आमची नाय."

बाकीच्यांनी माना हलवल्या. क्षितिजाने ते उतरवून घेतलं आणि म्हणाली, "मी हे लिहून पाठवते." परतीच्या वाटेवर ती त्या तक्त्यात याची जागा शोधत राहिली. बस कंपनीची नाही, ठेकेदाराची. ड्रायव्हर आपला नोकर नाही. पण आत बसणारी माणसं आपली. मग हे 'आपले कामगार' या भागात येणार की 'व्हॅल्यू चेनमधले कामगार', म्हणजे पुरवठादार-ठेकेदारांकडचे, या भागात? तिने दोन्हीकडे लिहिलं. मग दोन्हीकडून खोडलं.

त्या सुमारास युरोपातून बातमी आली की हा कायदा सौम्य करायचा प्रस्ताव आलाय. अबू झैदनी पुन्हा बोलावलं. "आता? हो की नाही?"

"आता कदाचित नाही. पण सध्या हो."

अबू झैद उपाशी होते, दुपारची वेळ होती. त्यांनी डोळे मिटले आणि एवढंच म्हणाले, "सिस्टर, मी पिशव्या बनवतो."

दोनच दिवसांत नेदरलँड्सहून व्हिडिओ कॉल ठरला. तिकडे हे काम बघणाऱ्या बाईचं नाव होतं आनलीस. पन्नाशीच्या आसपासची, आखूड केसांची, मागे खिडकीत पावसाळी आभाळ. तिने भराभरा बोलायला सुरुवात केली. सव्विसावा रकाना रिकामा का, इकडचा आकडा तिकडे का, पुरवठादारांच्या पुरवठादारांचं काय. क्षितिजा "येस, येस" म्हणत टिपून घेत होती. मग आनलीस म्हणाली, "आणि तुमचं डबल मटेरियॅलिटीचं मूल्यमापन कसं केलंत, ते थोडक्यात सांगाल?"

क्षितिजाने तोंड उघडलं. काही तरी ठोकून द्यायला हरकत नव्हती, शब्द तर सगळे पाठ होते. पण कँटीनमध्ये "मला माहीत नाही" म्हटल्यावर सखारामचा चेहरा कसा सैल झाला होता ते तिला आठवलं, आणि ती म्हणाली, "सॉरी. मला हे समजलेलं नाही. मी जानेवारीपासून वाचतेय, कोर्स केला, पण खरंच समजलेलं नाही."

आनलीसने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"थँक गॉड," ती म्हणाली. "मलाही नाही."

"तुम्हांला?"

"मी बावीस वर्षं खरेदी विभागात होते. पोती, पिशव्या, जहाजं. गेल्या वर्षी मला या खुर्चीवर बसवलं. सल्लागारांनी मला तीनदा समजावलं, तिन्ही वेळा निराळं. मी तुम्हांला पाठवलेला तक्ता त्यांनी बनवलाय. त्यातले निम्मे प्रश्न मलाच कळत नाहीत. मला वाटायचं, पुरवठादारांना कळत असतील, कारण सगळे भरून पाठवताहेत."

क्षितिजाला हसू आलं, पण मग हिशेब लक्षात आला. म्हणजे इकडे हिने न समजता भरायचं, तिकडे तिने न समजता वाचायचं, आणि त्याचा जाड अहवाल छापून यायचा.

"मग कायदा लागू आहे की नाही, तेवढं तरी सांगा," ती म्हणाली. "माझे मालक रोज विचारतात."

आनलीसने बोटांवर मोजत सांगितलं. आजच्या कायद्याप्रमाणे आमच्या कंपनीला लागू. नव्या प्रस्तावाप्रमाणे हजाराहून जास्त नोकर असतील तरच लागू, आणि आमचे आहेत सहाशे. पण प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे. तो मंजूर होईल, किंवा बदलून मंजूर होईल. तोवर जुनाच धरून चालायचं.

"म्हणजे तुम्हीही तयारी करताय, कदाचित न लागणाऱ्या परीक्षेची."

"अगदी तसंच." आनलीसने समोरचा तक्ता बंद केला. मग म्हणाली, "तक्ता राहू द्या. तुमच्याकडे खरं काय आहे, काय त्रास आहे, तेवढं साध्या भाषेत सांगाल? ते तरी मला कळेल."

क्षितिजाने तिला बसबद्दल सांगितलं. आनलीस ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "हे मी नक्की लिहीन. कुठे ते माहीत नाही. पण लिहीन."

एप्रिलमध्ये युरोपने घड्याळच थांबवलं. आनलीसच्या कंपनीसारख्यांना आणखी दोन वर्षांची सवड मिळाली. तिचा ईमेल छोटा होता. तक्ता सध्या नको, मला परत खरेदी विभागात पाठवताहेत, तुमच्याशी बोलून बरं वाटलं. बसबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. क्षितिजाने तो ईमेल चारपाचदा वाचला. आपण सुटलो याचा आनंद होतोय की राग येतोय, ते तिला ठरवता येईना.

अबू झैदना मात्र आनंदच झाला. "खलास?"

"खलास नाही. पुढे ढकललंय."

"म्हणजे खलास," ते म्हणाले आणि तिच्या ईमेलखालचं ते दुसरं पद जसं आलं होतं तसंच एक दिवस नाहीसं झालं.

मे संपता संपता हवा तापली. क्षितिजा मालाच्या मोजणीसाठी कारखान्यात गेली होती, तेव्हा शिलाईच्या मशीनवरून सखारामने हाक मारली. "मॅडम, युरोपचं काय म्हणणं आहे?"

तिला क्षणभर कळेना तो काय विचारतोय. मग कळलं. कायदा पुढे ढकललाय, प्रस्ताव अजून चर्चेत आहे, आनलीसची बदली झाली. यातलं काय सांगायचं?

"अजून काही म्हणालेलं नाही," ती म्हणाली.

"बरं. म्हटलं, विचारून ठेवू," सखाराम म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

ते तिला फार लागलं. चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी पाळी सुटल्यावर तिने आपल्या गाडीची वाट पाहिली नाही. इम्तियाजला म्हणाली, "मी या बसने जाते."

"ताई, वेड लागलंय का? मी सोडतो तुम्हांला."

"नको. एकदा बघू दे."

तिने मोरेश्वरला सुलैबियात घ्यायला यायला सांगितलं आणि पुढच्या सीटवर बसली. दार बंद झालं. पहिली काही मिनिटं तिला वाटलं, आपल्याला जमेल. मग सीटचं रेक्झिन अंगाला चिकटलं, काचेतून ऊन मांडीवर आलं, डिझेलचा आणि घामाचा वास घशात बसला. मागे माणसं टॉवेल ओला करून तोंडावर टाकून बसली होती, सवयीने. सहाव्या रिंग रोडवर वाहतूक तुंबली तेव्हा तिचं डोकं गरगरायला लागलं. शेजारच्या नेपाळी पोराने पाण्याची बाटली पुढे केली. ते पाणीही गरम होतं.

सुलैबियाला ती उतरली आणि कडेच्या भिंतीला धरून ओकली. मोरेश्वर धावत आला. "हे काय करून घेतलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अबू झैदच्या केबिनमध्ये गेली, आणि त्या उघड्या दारातून आत जाताना तिला पहिल्यांदाच धाकधूक वाटली. तिने बसची सगळी हकीकत सांगितली. अबू झैद ऐकता ऐकता सावरून बसले.

"हे युरोपच्या कायद्यात आहे?"

इथे ती अडखळली. 'हो' म्हटलं असतं तर काम तिथेच झालं असतं. गेल्या पाच महिन्यांत कायद्याबद्दल इतकं उलटसुलट ऐकल्यावर त्यांनी तपासायलाही कुणाला पाठवलं नसतं. आणि ते खोटं ठरलं असतं असंही नाही. खरं ठरलं असतं असंही नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित आधी होतं, आता नसेल. कदाचित पुन्हा येईल. मला खरंच कळलेलं नाही. बसमध्ये काय होतं, ते मात्र मला माहीत आहे. काल मी बसून आले."

"तुम्ही? त्या बसमध्ये?"

"उतरल्यावर ओकले."

अबू झैदनी टेबलावरची जपमाळ उचलली, पुन्हा ठेवली. "जानेवारीत हो. मग कदाचित. मग नंतर. आता माहीत नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. "पहिल्यांदाच मला काहीतरी समजलं." त्यांनी कंपनीची कागदपत्रं आणि ठेके बघणाऱ्या मंदूबला फोन लावला आणि अरबीत असं काही बोलले की क्षितिजाला जेमतेम निम्मं कळलं. ठेकेदाराला शिवी होती, ती मात्र पुरती कळली.

नवी बस आठवड्याभरात आली नाही. ठेकेदाराने आधी कारणं सांगितली, मग एक जुनीच बस रंग देऊन पाठवली, ती मंदूबने परत पाठवली. जूनच्या मध्यावर दुसऱ्या ठेकेदाराची गाडी सुरू झाली. तिचा एसी इतका कडक की सखाराम डोक्याला मफलर गुंडाळून बसायला लागला, आणि आता तक्रार थंडीची सुरू झाली.

एका दुपारी इम्तियाज हिशेबाच्या खोलीत डोकावला. "ताई, एक विचारू? माणसं मला विचारतात. ही बस युरोपने दिली, का अबू झैदनी?"

क्षितिजाने पेन खाली ठेवलं. "तुम्हांला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही दिलीत. पण माणसं म्हणतात युरोपने. सखाराम म्हणतो, आता जेवणाचंही युरोपला कळवा."

"मी काही दिलं नाही. आणि युरोपने तर नाहीच." ती थांबली. आनलीसने ते कुठेतरी लिहून ठेवलं असेल का? पण ती तर पिशव्या खरेदी करण्यात गुंतलेली असणार. "निदान मला तसं वाटतं. नक्की नाही सांगता यायचं."

"मग माणसांना काय सांगू?"

"सांगा, जेवणाबद्दल मी उद्या कँटीनमध्ये येऊन ऐकते. युरोपचं नंतर बघू."

इम्तियाज मान हलवत गेला. त्याला कितपत पटलं, ते काही त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.